पाठ केलेली चित्रं

६ मार्च

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच ठेवून देशील अशी भीती आहे. ठेवू नकोस. फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. हे कारण पूर्ण खरं नाही, पण आजच्यापुरतं असू दे.

दुकान ठीक चाललंय. तपासणीची खोली लहान पडते, म्हणून अक्षरांचा तक्ता आता खुर्चीच्या मागे टांगलाय आणि समोर आरसा लावलाय. आरशातून वाचलं की अंतर दुप्पट होतं. मागच्या आठवड्यात ट्रक चालवणारे एक काका आले होते, परवान्यासाठी डोळ्यांचा दाखला हवा म्हणून. मी दिवा लावायच्या आत त्यांनी वरपासून खालपर्यंत सगळ्या ओळी धडाधड म्हणून टाकल्या. म्हटलं, "काका, दिवा तरी लावू द्या!" बाहेर बाकावर बसून आधीच्या गिऱ्हाइकांचं ऐकून पाठ केलं होतं त्यांनी. हसून हसून पुरेवाट झाली. दाखला मात्र नाही दिला. चिडून गेले.

मला थोडा थकवा आहे. दोन-तीन तपासण्या करायला सांगितल्यात. काळजीसारखं काही नाही.

एक विचारायचं होतं. शेवटच्या दिवसांत आईला बोलताना शब्द सापडायचे नाहीत, असं काही झालं होतं का? तू तिथे होतीस. मी नव्हते, कारण मला कळवलं गेलं नव्हतं. भांडण उकरून काढायचं नाहीये. फक्त हो की नाही, एवढंच कळव.

तुझी
धाकटी

१५ मार्च

ताई,

मागच्या पत्रात 'काळजीसारखं काही नाही' असं लिहिलं आणि पेटीत टाकल्यापासून ते वाक्य मला टोचतंय. तूही मला हेच म्हणाली होतीस, आई गेल्याचं दुसऱ्या दिवशी सांगताना. "तुला उगाच घाबरवायचं नव्हतं." तीन वर्षं ज्या वाक्यासाठी तुझ्याशी बोलले नाही, तेच मी तुला पोस्टानं पाठवलं.

तर खरं असं. महिन्यापूर्वी दुकानात एक बाई खुर्चीत बसल्या होत्या. मला त्यांना खालची ओळ वाचायला सांगायचं होतं. 'खालची' एवढं आलं आणि पुढे काही येईना. परत म्हटलं, "खालची." काय वाचायचं ते मला दिसत होतं, मी बोटानं दाखवतही होते, पण तोंडातून 'खालची, खालची' एवढंच. बाईंना वाटलं मी गंमत करतेय. नंतर उजव्या हाताला मुंग्या आल्या आणि मी स्टुलावर बसले. थोड्या वेळानं सगळं परत आलं. मी ह्यांना सांगितलं नाही. आठवड्यानं पुन्हा झालं, तेव्हा हे समोरच होते.

फोटोत गाठ दिसतेय. डाव्या कानाच्या वर, आत. सर्जन माझ्याहून लहान आहे वयानं, पण शांत आहे. त्यानं कागदावर मेंदू काढून दाखवला. माझ्या हातून बरा निघाला असता. गाठ शब्दांच्या शेजारी आहे म्हणे, किंवा शब्दांच्या मधोमध. नक्की कुठे ते बाहेरून कळत नाही, प्रत्येकाचं थोडं वेगळं असतं. म्हणून ऑपरेशन करताना मला मधेच जागं करायचं. मेंदूला स्वतःला दुखत नाही. मला चित्रं दाखवायची, मी नावं सांगायची, आणि तेवढ्यात सर्जन एकेका जागेला बारीकसा करंट लावणार. ज्या जागेला हात लागल्यावर माझा शब्द अडेल, ती जागा सोडायची. बाकीची गाठ काढायची.

तू आता उभी राहिली असशील. बस. मीही अशीच उठले होते.

पण जागं ठेवतात ते सगळ्यांना नाही. आधी परीक्षा होते. ती घेणाऱ्या स्पीच थेरपीच्या बाई साठीच्या आसपासच्या आहेत, केस अगदी बारीक कापलेले, आवाज खणखणीत. खोलीला खिडकी नाही. पंख्यानं कागद उडू नयेत म्हणून त्यावर स्टेपलर ठेवलेला. त्यांनी आधी साध्या गोष्टी करायला सांगितल्या. पेन उलटं करा, मग किल्ली कपात टाका. वाक्य म्हणाल्या, ते जसंच्या तसं म्हणायचं. मिनिटभरात आठवतील तेवढे प्राणी सांगा म्हणाल्या. मी कुत्रा, मांजर, गाय म्हटलं, आणि मग पुन्हा कुत्रा. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसतं लिहिलं. ताई, मी रोज खुर्चीतल्या माणसासमोर असंच न बोलता लिहिते. ते किती भयंकर असतं, हे मला आजवर माहीत नव्हतं.

मग चित्रं. प्रत्येक चित्राला आधी 'इथे आहे' म्हणायचं आणि मग नाव. इथे आहे छत्री. इथे आहे शिडी. म्हणजे तोंडच थांबलं की फक्त शब्द गेला, ते सर्जनला वेगळं कळतं. मला 'इथे आहे' प्रत्येक वेळी म्हणता आलं. पुढचं बऱ्याचदा नाही. बाई म्हणाल्या, चारातलं एक चुकलं तर चालवून घेऊ. त्याहून जास्त चुकत असाल तर जागं ठेवून काही उपयोग नाही, कारण शब्द आमच्यामुळे अडला की तुमचाच अडला, हे कळणार नाही. मग झोपेतच करायचं, अंदाजानं, आणि थोडंसंच काढायचं.

"आज जास्त चुकलंय," त्या म्हणाल्या. "दमला असाल. दहा दिवसांनी हीच चित्रं पुन्हा बघू."

या पत्रात एका ठिकाणी शब्द आठवेना म्हणून मी जागा सोडली होती. नंतर भरली. कुठे ते विचारू नकोस.

तुझी
धाकटी

२५ मार्च

ताई,

पास झाले! काही मोजकी चित्रं सोडली तर सगळी बरोबर. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "अहो, हे कसं काय?" हे बाहेर बसले होते, त्यांना मी अंगठा दाखवला तर त्यांनी तिथल्या शिपायाचा हात हातात घेऊन हलवला. ऑपरेशन जागं ठेवूनच होणार. तारीख ठरतेय.

घरी येताना आम्ही आइस्क्रीम खाल्लं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हे वाटेत शीळ घालत होते. शीळ भयंकर बेसूर घालतात, तुला आठवतच असेल, आमच्या लग्नातसुद्धा घातली होती.

निघताना बाई एक बोलल्या. सहजच. "त्या दिवशी चित्रं कॉम्प्युटर दाखवेल. क्रम दर वेळी बदलतो, त्यामुळे कंटाळा नाही यायचा."

तू माझ्या पत्रांना उत्तर देत नाहीस. मागितलं होतं ते एका शब्दाचं होतं.

तुझी
धाकटी

२८ मार्च

ताई,

आज लपवून काही लिहायचं नाही असं ठरवून बसलेय. बघू कितपत जमतंय.

मी चित्रं पाठ केली होती.

पहिल्या परीक्षेहून घरी आल्यावर मी ह्यांना सगळी चित्रं सांगितली. नाव आठवत नव्हतं तरी चित्र आठवत होतं. "ते जे तेल ओतताना बाटलीवर ठेवतात ते." "नरसाळं," हे म्हणाले. ह्यांनी एकेका वस्तूचा फोटो शोधून काढला, क्रमानं लावला, आणि रोज जेवण झालं की आम्ही बसायचो. अडले की हे पहिलं अक्षर पुरवायचे. "चा..." आणि मी "चाळणी!" असं ओरडायचे. ह्यांचा चेहरा उजळायचा. कुणी इतक्या प्रेमानं माझा अभ्यास कधी घेतला नव्हता. फसवतोय असं तेव्हा वाटलंच नाही. तयारी करतोय असं वाटलं. आपल्या घरात परीक्षा म्हटली की आपण तयारीच करत आलो ना?

दुसऱ्या परीक्षेत छत्रीनंतर शिडी येणार, शिडीनंतर नरसाळं, हे मला माहीत होतं. कागद उलटायच्या आत शब्द जिभेवर हजर होता. एकदा तर मी चित्र नीट बघितलंच नाही. तेव्हा मला काकांची आठवण झाली. दिवा लावायच्या आधीच वाचणारे काका. आणि ताई, मला हसू आलं नाही.

मग बाईंचं ते क्रमाचं बोलणं. आइस्क्रीम खातानाही मी मनात तेच घोळवत होते.

कालपासून मी स्वतःला तपासतेय, क्रम सोडून, दिसेल त्या वस्तूवर. घरातल्या निम्म्या वस्तूंना नावं उरलेली नाहीत. दुपारी एका मुलीचा चष्मा दुरुस्तीला आला. काडी जिथे फ्रेमला जोडलेली असते, तिथला तो छोटा सांधा सैल झाला होता. मी बारीक पेचकस घेतला, स्क्रू आवळला, तेल दिलं, काडी उघडमीट करून बघितली. हात सगळं करत होते. त्या सांध्याला काय म्हणतात ते येईना. वीस वर्षं हेच करतेय मी. मुलीच्या आईनं विचारलं, "काय झालं होतं?" मी म्हटलं, "हे सैल झालं होतं." ती म्हणाली, "अच्छा, बिजागरी." गिऱ्हाइकानं मला माझ्या कामातला शब्द सांगितला. मी मान डोलावली, जणू तिला शाबासकी दिली.

आता भीती कसली ते सांगते, म्हणजे तुला उगाच दुसरं काही वाटायला नको. मरणाची आहेच. पण त्याहून अशी: त्या टेबलावर क्रम बदललेला असेल. मी अडेन. सर्जनला वाटेल त्याच्या करंटमुळे अडले. तो ती जागा जपून ठेवेल, आणि तिथे शब्द नसेल, नुसती गाठ असेल. किंवा उलटं. पाठ केलेलं मी पोपटासारखं म्हणत राहीन. बाई एकदा म्हणाल्या होत्या की ज्यांची सगळी भाषा गेलेली असते, तीही माणसं एक-दोन-तीन-चार घडाघडा म्हणतात, पाठ असलेलं वेगळ्या वाटेनं येतं. मी त्या वाटेनं 'छत्री, शिडी' करत राहीन, सर्जनला वाटेल इथे काही धोका नाही, आणि तो कापेल. मी त्याच्या हातात खोटा नकाशा दिलाय. माझ्याच डोक्याचा.

ह्यांना म्हटलं, बाईंना सांगू या. हे एकदम उसळले. "सांगितलं की नापास! झोपेत करतील आणि निम्मी गाठ ठेवून देतील. तुला तेच हवंय का?"

"मला काय हवंय ते..." म्हटलं आणि पुढचा शब्द आला नाही.

"काय? बोल!" हे म्हणाले. आणि मग, सवयीनं, पहिलं अक्षर पुरवायला तोंड उघडलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की यावेळी त्यांनाही माहीत नाही. बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडला. नळाच्या आवाजातही ऐकू येत होतं.

पंधरा तारखेच्या पत्रात जागा सोडली होती ती 'स्टेपलर'ची होती.

तुझी
धाकटी

३ एप्रिल

ताई,

सांगितलं.

ह्यांना न विचारता गेले. बाई डबा खात होत्या. मी दारातच उभी राहून म्हटलं, "मी चित्रं पाठ केली होती." त्यांनी घास संपवला. डब्याचं झाकण लावलं.

"किती?"

"सगळी. क्रमानं."

"मला वाटलंच," त्या म्हणाल्या. "तुम्ही नरसाळं म्हणालात तेव्हा मी कागद अजून उलटलाच नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"मी आज संध्याकाळी फोन करणारच होते. म्हटलं, आठवडाभर वाट बघू, येतात का बघू. डोळे तपासता ना तुम्ही? तुमच्याकडे कुणी तक्ता पाठ करून आलं तर काय करता?"

"दाखला देत नाही."

"मग बसा," म्हणाल्या.

त्यांनी वेगळीच चित्रं काढली, मी कधीच न पाहिलेली. ताई, मी तुला आकडा सांगत नाही. निम्म्याच्या वर चुकले. काही चित्रांना मी शब्दच दिला नाही, काहींना भलताच दिला, आणि भलताच दिलाय हे मला कळलंही नाही. बाईंच्या पेनावरून कळलं. मी विचारलं, "झोपेत करणार का आता?" त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "आज असंच राहिलं तर हो." मग सर्जनशी फोनवर बोलल्या. गाठीभोवती सूज आहे. ती उतरवायच्या गोळ्या आठवडाभर घ्यायच्या, सूज उतरली की काहींचे काही शब्द परत येतात. मग पुन्हा नवीन चित्रं. एकच संधी. ऑपरेशन त्याहून पुढे ढकलता येणार नाही, गाठ थांबत नाहीये.

"या आठवड्यात घरी अभ्यास नाही," बाईंनी बजावलं. "बोला, भरपूर बोला. पण कुणी शब्द पुरवायचा नाही. तुम्ही अडलात की समोरच्यानं गप्प बसायचं. तुमचे मिस्टर बसतील गप्प?"

मी पिशवी उचलली. त्यांना कळलं.

हे प्रयत्न करतात. ओठ मिटून बसतात, हात मांड्यांखाली दाबून धरतात. पण मी अडले की ह्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि ते बघून मी दुसराच, जवळपासचा सोपा शब्द म्हणून मोकळी होते. ह्यांना वाटतं जमलं. आम्ही दोघं मिळून एकमेकांना फसवतो, ताई, आणि दोघांनाही ते माहीत आहे.

म्हणून हे पत्र. मला मदत न करणारं माणूस हवंय.

मी दुसरीत होते तेव्हा तू मला पाढे घेऊन बसवायचीस. मी अडले की भिंतीकडे बघत बसायचीस. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अगं, सांग की तिला, रडेल ती." तू म्हणायचीस, "रडू दे. येतंय तिला." मी तुला मनातल्या मनात शिव्या द्यायचे. पण ते यायचं.

तू तीन वर्षं गप्प बसलीस. आता इथे येऊन गप्प बसशील का? मी मनातून तुला माफ केलंय असं लिहायला पेन उचललं होतं. नाही केलं. तरी ये.

तुझी
धाकटी

१२ एप्रिल

ताई,

तुझं पत्र मिळालं. चार ओळी, आणि त्यातली पहिली "रिक्षाची वाट बघत लिहितेय". बरं वाटलं.

तू लिहिलंयस की आईचे शब्द शेवटपर्यंत शाबूत होते, ती माझ्याबद्दल विचारत होती, आणि मला कळवलेलं नाही हे तू तिला सांगितलं नाहीस. वाचून इतका राग आला की कागद चुरगळला. मग पुन्हा सरळ केला. तू गोड करून लिहिलं असतंस तर तुला येऊ नको म्हणून कळवलं असतं.

सासूबाई पडल्यामुळे तू लगेच निघू शकली नाहीस, ते समजलं. आठवडा तुझ्याशिवायच काढला. मी आरशासमोर बसून बोलले. आरसा गप्प बसतो. काल नवीन चित्रं झाली. काठावर पास. बाई म्हणाल्या, "आज तुम्ही बराच वेळ विचार करत होतात. छान." त्यांनी मला खरोखर येतात तेवढीच चित्रं ठेवली, बाकी काढून टाकली. थोडी उरलीत. सर्जन म्हणाला, थोडी असली तरी खरी आहेत ना, त्यावर काम होईल. जिथे शब्द अडेल तिथे तो थांबणार. काही गाठ मागे राहील. किती, ते उघडल्यावर कळेल.

उद्या सकाळी मला आत नेतील. तुझी गाडी पोचेल तेव्हा मी आत असेन. हे पत्र ह्यांच्या खिशात ठेवतेय. तू हे बाहेरच्या बाकावर बसून वाचशील. मला भीती वाटते. त्यांनी मला जागं केल्यावर पहिलं चित्र कुठलं येईल, आणि 'इथे आहे'च्या पुढे काहीच नसेल, ही भीती. मी ती कुणाला सांगितली नाही. ह्यांना तर नाहीच. हे आता शीळ घालत नाहीत.

पुढचं नीट वाच, मला ते बाईंनी समजावलंय आणि मी तुला समजावतेय, कारण ह्यांना जमणार नाही. ऑपरेशननंतर सूज येते. दोन-चार दिवस मी कदाचित काहीच बोलणार नाही, किंवा एकच शब्द पुन्हापुन्हा म्हणेन. ते परत येऊ शकतं. त्यावरून काही ठरवू नकोस, आणि ह्यांना ठरवू देऊ नकोस. मला पाणी हवंय का विचारशील, मी 'हो' म्हणेन. मग थोडं थांबून 'पाणी नको ना?' असंही विचार. दोन्हीला 'हो' आलं तर माझ्या 'हो'वर विश्वास ठेवू नकोस. पेला समोर धर आणि मी काय करते ते बघ. मी वाक्य अर्धवट सोडलं तर पुरं करू नकोस. भिंतीकडे बघ. ह्यांनी पहिलं अक्षर म्हटलं तर त्यांना बाहेर चहाला पाठव. भांडतील. भांडू दे.

"छान बोलतेस" म्हणू नकोस. सगळे म्हणतील. तू नको.

आणि मी जर भलतंच काही म्हटलं, तर तोंडावर 'चूक' म्हण. माझ्याकडे बघून म्हण. मला राग आला, तर काळजी करू नकोस, म्हणजे मला समजलंय. मी नुसतीच तुझ्याकडे बघून हसले, तर तिथे बसून राहू नकोस. बाईंना बोलावून आण.

तुझी
धाकटी